अजिंक्यताऱ्यावर घड्याळ पुढं पळतं, म्हणून काळ खोटा होत नाही

आमच्या साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर चारभिंतीकडं फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा अण्णांनी एक फॉरवर्ड टाकला. मागं आकाशगंगा, पुढं आइन्स्टाइनचा केस पिंजारलेला फोटो, आणि खाली 'काळ हा केवळ भ्रम आहे हे आता विज्ञानानेही मान्य केले'. त्याच्या लगेच खाली त्यांचाच दुसरा मेसेज, 'उद्या ५.३० म्हणजे ५.३०, काल चौघं उशिरा आले'.

मी फिजिक्स शिकवून रिटायर झालेला माणूस, मला असलं बघून गप्प बसवत नाही. चढताना वाद घातला, पण अण्णांना धाप लागली आणि माझं निम्मं बोलणं पोटातच राहिलं, ते इथं काढतोय.

फॉरवर्डमागं एक गोष्ट खरी आहे, काळ सगळीकडं एकाच चालीनं चालत नाही. अजिंक्यतारा किल्ला शहरापेक्षा साधारण ३०० मीटर उंच. वर टीव्ही टॉवरपाशी एक अगदी अचूक घड्याळ ठेवलं आणि तसलंच खाली राजवाड्यापाशी, तर वरचं वर्षाला सुमारे एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, पुढं जाईल. घड्याळात बिघाड नाही. वरचं दूधही तेवढंच लवकर नासणार आणि केसही तेवढेच लवकर पिकणार. अण्णा २० वर्षं रोज तासभर वर असतात असं धरलं तरी सगळं मिळून एक मायक्रोसेकंदसुद्धा भरत नाही, पण शून्य नाही. "म्हणजे फिरायला येऊन मी जास्त म्हातारा झालो?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, झालात, पण त्यापेक्षा कंदी पेढ्यांनी जास्त झालात.

आता असं का होतं, हा माझा आवडता भाग, त्यामुळं जरा लांबण लागेल.

आपल्या कोयनेचं उदाहरण घ्या. धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पलीकडं पोफळीला पडतं, टर्बाइन फिरतात, वीज होते. समजा तेच पाणी काही खर्च न करता आपोआप परत वर आलं असतं, तर एकदा धरण भरलं की जन्मभर फुकट वीज आणि लोडशेडिंगचं नाव नको. तसं होत नाही, पाणी वर चढवायला पडताना मिळाली तेवढी ऊर्जा मोजावीच लागते. आइन्स्टाइननं १९११ साली साधारण हाच हिशेब प्रकाशाला लावला. वरून एक वस्तू खाली टाका, पडताना तिची ऊर्जा वाढते. खाली तिचा सगळाच्या सगळा प्रकाश करा, तो वर पाठवा, आणि वर त्याची परत वस्तू बनवा. प्रकाशानं चढताना काहीच गमावलं नाही, तर वर बनलेली वस्तू टाकलेल्या वस्तूपेक्षा जड निघेल, म्हणजे फुकटचा नफा, आणि निसर्ग असला धंदा करू देत नाही. तेव्हा प्रकाशालाही चढणीचा खर्च आहे.

पण प्रकाश दमून हळू चालत नाही, वेग तोच राहतो, उतरते ती त्याची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती लाटा येतात तो आकडा. हे १९६० साली हार्वर्डमध्ये पाउंड आणि रेब्का या दोघांनी मोजून दाखवलं, उंची फक्त २२.५ मीटर, म्हणजे सात मजली इमारत.

फ्रिक्वेन्सी उतरली तर काळाचा काय संबंध? समजा मी राजवाड्यापासून मिनिटाला ६० वारकरी गडावर सोडतोय. वाटेत कुणी बसत नाही, कुणी परत फिरत नाही, कुठं गर्दी साठत नाही. वर अण्णा मोजतात आणि फोन करून सांगतात, मिनिटाला ५९च येतायत. वाट लांब आहे म्हणावं, तर त्यानं पहिला वारकरी उशिरा पोचेल एवढंच, पुढं मिनिटाला ६० यायलाच पाहिजेत. दिवसभर ५९च येत असतील आणि वाटेत एकही हरवला नसेल, तर एकच अर्थ उरतो, माझं मिनिट आणि अण्णांचं मिनिट सारखं नाही, माझं एक मिनिट होईतो त्यांच्या घड्याळात मिनिटापेक्षा जास्त झालं. वारकऱ्यांच्या जागी प्रकाशाच्या लाटा घाला, झालं. (इथं दोनदा वाचावं लागलं तर वाईट वाटून घेऊ नका, मला कॉलेजात वर्ष लागलं होतं.)

जपानी लोकांनी टोकियो स्कायट्री टॉवरवर ४५० मीटर उंचीला एक आणि खाली एक अशी घड्याळं ठेवून २०२० साली निकाल छापला, वरचं दिवसाला सुमारे ४ नॅनोसेकंद (नॅनो म्हणजे अब्जावा भाग) पुढं. आणि तुम्ही कासला जाताना मोबाईलमध्ये रस्ता बघता, त्या जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं उंचीमुळं दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढं आणि वेगामुळं ७ मागं, एकूण ३८ पुढं जातात, म्हणून पाठवण्याआधीच त्यांची चाल जरा मंद करून ठेवतात. जीपीएस अंतर काढतं ते सिग्नलला लागलेल्या वेळावरून, आणि ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश ११ किलोमीटर जातो, तेव्हा हे काही किरकोळ प्रकरण नाही.

भ्रम असता तर त्याची दुरुस्ती कारखान्यातच करून पाठवता आली नसती. इथं मोडीत निघाली ती सगळ्या विश्वाला मिळून एकच घड्याळ असल्याची आपली समजूत. 'आत्ता' हा शब्दसुद्धा लांबवर ताणला की फाटतो. देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षं लांब, तिच्या दिशेनं चालणारे अण्णा आणि बाकावर बसलेला मी, आमच्या दोघांच्या हिशेबानं तिथं 'आत्ता' काय चाललंय यात नुसत्या चालण्याच्या वेगामुळं चारेक दिवसांचा फरक पडतो. पण आधी पेढे खाल्ले आणि मग शुगर वाढली, हा क्रम कुणाच्याही घड्याळानं उलटा होत नाही.

अध्यात्मवाल्यांनाही या फॉरवर्डनं न्याय दिलेला नाही. शंकराचार्यांची माया म्हणजे 'काहीच नाही' असं नव्हे, दोरीवर साप दिसतो तेव्हा दोरी असतेच, आणि व्यवहारापुरतं जग ते खरंच धरतात. आपल्या ज्ञानेश्वरांनी तर अमृतानुभवात अज्ञानखंडनाचं अख्खं प्रकरण लिहिलंय, त्यांना जग हा चैतन्याचा विलास वाटतो. हे तत्त्वज्ञान आहे, त्याला सिझियमच्या अणुघड्याळाचं सर्टिफिकेट कशाला पाहिजे?

असल्या वादात पुराणातल्या ककुद्मी राजाची गोष्ट तर हमखास येते. मुलीला, रेवतीला, घेऊन ब्रह्मलोकी गेला, क्षणभर थांबला, परत येईतो खाली २७ चतुर्युगं उलटलेली. गोष्ट झकास, मला लहानपणापासून आवडते. पण वर गेलं की घड्याळ जलद चालतं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबानं राजा म्हातारा होऊन यायला पाहिजे होता, गोष्टीत उलटं आहे! भयंकर वेगानं प्रवास केला म्हणा तर जमेल, पण तसं त्यात कुठं लिहिलेलं नाही, आपण मागनं घुसडतो.

राहिलं आइन्स्टाइनचं वाक्य. भूत, वर्तमान, भविष्य हा भेद म्हणजे एक चिवट भ्रम, असं त्यानं लिहिलंय हे खरं, पण ते कुठल्या पेपरात नाही. मिशेल बेसो हा त्याचा तरुणपणापासूनचा मित्र, बर्नच्या पेटंट ऑफिसात बरोबर काम केलेला, १९०५ च्या सापेक्षतेच्या पेपरात शेवटी आभार मानलेत ते एकट्या बेसोचे. तो मार्च १९५५ मध्ये गेला, तेव्हा त्याच्या घरच्यांना लिहिलेल्या पत्रातलं हे वाक्य, तो माझ्या जरासा आधी गेला, त्याला काही अर्थ नाही, अशा बोलण्यातलं. साधारण महिनाभरानं, १८ एप्रिलला, आइन्स्टाइनही गेला.

हे अण्णांना उतरताना सांगितलं. वळणापर्यंत काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे दहाव्याला आपण बोलतो तसलं."