‘काश्मीर प्रिन्सेस’ आणि बांडुंग : एका परिषदेची पार्श्वभूमी

११ एप्रिल १९५५. एअर इंडियाचं ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे चार इंजिनांचं कॉन्स्टेलेशन विमान हाँगकाँगहून जकार्ताला निघालं होतं. कॅप्टन होते डी. के. जटार, सोबत सहवैमानिक एम. सी. दीक्षित आणि नॅव्हिगेटर जे. सी. पाठक. देखभालीचे इंजिनिअर अनंत कर्णिकही विमानातच होते. चीन सरकारने हे विमान खास भाड्याने घेतलं होतं. ११ प्रवाशांपैकी बहुतेक चिनी अधिकारी आणि पत्रकार होते आणि सगळ्यांना पोचायचं होतं इंडोनेशियातल्या बांडुंगला, आशियाई-आफ्रिकी देशांच्या परिषदेसाठी.

सुमारे पाच तास झाले असतील. १८ हजार फुटांवर चाकांच्या कप्प्यात स्फोट झाला आणि उजव्या पंखाने पेट घेतला. रेडिओ बंद पडायच्या आत तीनदा मदतीचा संदेश गेला. नातुना बेटांजवळचा ठावठिकाणाही कळवला गेला. कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना लाइफ जॅकेट दिली, संकटकाळी वापरायची दारं उघडली. जटारांनी जळतं विमान समुद्रावर उतरवायचा प्रयत्न केला, पण पंख आधी पाण्याला लागला आणि विमानाचे तुकडे झाले. १९ पैकी १६ जण गेले. दीक्षित, पाठक आणि कर्णिक तेवढे वाचले. जटार आणि हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. बांडुंगची कहाणी सांगताना ही नावं गाळली जातात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. परिषद सुरू व्हायच्या आठवडाभर आधी तिची किंमत या माणसांनी मोजली होती.

बॉम्ब ठेवला होता हाँगकाँगच्या काई ताक विमानतळावर, विमानांची साफसफाई करणाऱ्या एका माणसाने. त्याच्यामागे तैवानवर राज्य करणाऱ्या चँग कै शेक यांच्या कुओमिंतांग पक्षाचं हेरखातं होतं. तपासासाठी भारताने रामनाथ काव यांना पाठवलं. पुढे ‘रॉ’ उभी करणारे काव ते हेच. संशयित मात्र मे महिन्यात एका विमानात लपून तैवानला पळाला आणि तैवानने त्याला परत दिलं नाही. निशाणा होते चीनचे पंतप्रधान चौ एन लाय. ते त्या विमानात नव्हते. धोका असल्याचं चीनने आदल्या दिवशीच ब्रिटिशांच्या कानावर घातलं होतं. त्यामुळे चौंना कटाची कितपत कल्पना होती, यावर इतिहासकारांमध्ये आजही वाद आहे.

त्यांच्या जिवावर उठण्याइतकं या परिषदेत काय होतं, हे समजायला दोन वर्षं मागे जावं लागतं. कोरियातली लढाई १९५३ मध्ये थांबली. १९५४ मध्ये जिनिव्हात इंडोचायनाचा तह झाला आणि त्याच सप्टेंबरात मनिलामध्ये सीटो हा अमेरिकेच्या पुढाकाराचा लष्करी करार झाला. पाकिस्तान त्यात सामील झाला. चीनने तैवानच्या ताब्यातल्या किमॉय बेटावर तोफा डागायला सुरुवात केली, तीही त्याच महिन्यात. डिसेंबरमध्ये अमेरिकेने तैवानशी संरक्षण करार केला. मार्च १९५५ मध्ये तर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पत्रकारांसमोर सांगितलं, की केवळ लष्करी ठिकाणांवर वापरायची असतील तर अण्वस्त्रं बंदुकीच्या गोळीसारखी का वापरू नयेत? हिरोशिमाला जेमतेम १० वर्षं होत होती. पुन्हा बॉम्ब पडला तर तो आशियावरच पडणार, ही धास्ती तेव्हा आशियाई राजधान्यांत होती आणि ती अगदी खरी होती.

अशा वेळी भारत, पाकिस्तान, श्रीलंका (तेव्हाचं सिलोन), ब्रह्मदेश आणि इंडोनेशिया हे पाच देश यजमान झाले. मूळ कल्पना इंडोनेशियाचे पंतप्रधान अली शास्त्रोअमिद्जोयो यांची. एप्रिल १९५४ मध्ये त्यांनी ती कोलंबोत मांडली, तेव्हा नेहरू फारसे उत्साही नव्हते. डिसेंबरमध्ये बोगोरला पाहुण्यांची यादी ठरली, तोवर त्यांचं मत पालटलं होतं. चीनला बोलवायचंच, हा आग्रह त्यांनी आणि ब्रह्मदेशाच्या ऊ नू यांनी धरला. नेहरूंचा हिशेब सरळ होता. संयुक्त राष्ट्रांत चीनची जागा तैवानकडे होती. एवढ्या मोठ्या देशाला दाराबाहेर ठेवलं, तर तो मॉस्कोला अधिकच चिकटणार. शेजाऱ्यांच्या पंगतीत बसवला, तर चारचौघांत दिलेल्या शब्दाचं त्याच्यावर थोडं तरी दडपण राहील.

बांडुंगच्या वाटेवर ब्रह्मदेशाच्या राजधानीत, रंगूनला, काही नेते एकत्र आले. तिथे थिंजान चालू होता. हा ब्रह्मी नववर्षाचा सण, आपल्या रंगपंचमीसारखा, पण नुसत्या पाण्याचा. ब्रह्मी पोशाख घातलेले नेहरू, इजिप्तचे नासर, ऊ नू आणि चौ एन लाय तेव्हाच्या छायाचित्रांत दिसतात. विमान पडून आठवडाही झाला नव्हता.

१८ एप्रिलला इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो यांनी परिषदेचं उद्घाटन केलं. २९ देश जमले होते, पण त्यांच्यात एकमत असं नव्हतंच. इराक, तुर्कस्तान, फिलिपाइन्स, थायलंड, पाकिस्तान हे अमेरिकेच्या बाजूचे. कम्युनिझमवर एकामागून एक टीका होऊ लागली. १९ तारखेला चौंची पाळी आली. त्यांनी लिहून आणलेलं भाषण नुसतं वाटलं आणि व्यासपीठावरून दुसरंच, ताजं लिहिलेलं छोटं भाषण केलं. आपण एकी शोधायला आलो आहोत, भांडायला नाही, असं ते म्हणाले. मतभेद बाजूला ठेवून समान धागा शोधू, हा त्यांचा सूर होता. समोरच्यांचं ऐकून ऐनवेळी स्वतःचं भाषण बाजूला ठेवणारे नेते विरळाच. माझ्या मते परिषद वाचली ती या निर्णयाने.

नेहरूंना तेवढा संयम जमला नाही. श्रीलंकेचे पंतप्रधान सर जॉन कोटलावाला यांनी पूर्व युरोपावरची सोव्हिएत सत्ता हीसुद्धा वसाहतवादच, असा मुद्दा काढला. नेहरू संतापले. भाषण मला आधी का दाखवलं नाही, असं त्यांनी विचारलं. तुम्ही तुमची भाषणं मला दाखवता का, हे कोटलावालांचं उत्तर. छोट्या देशांना भारताची वडीलकी खुपत होती, हे त्या एका वाक्यात कळतं. परिषदेने शेवटी मान्य केलेल्या दहा तत्त्वांतही नेहरूंना पड खावी लागली. सामूहिक संरक्षणाचा हक्क मान्य झाला, फक्त बड्या राष्ट्रांच्या स्वार्थासाठी तो वापरू नये, ही जोड मिळाली.

चीनच्या बाबतीत नेहरूंचा हिशेब अर्धाच बरोबर ठरला. पंचशील, म्हणजे शांततेने एकत्र नांदायची पाच तत्त्वं, ज्या करारात आलं, तो भारत आणि चीनमधला २९ एप्रिल १९५४ चा तिबेटविषयक करार आठ वर्षांचा होता. १९६२ च्या जूनमध्ये तो संपला आणि ऑक्टोबरमध्ये युद्ध झालं. चीनला वाळीत टाकणं धोक्याचं, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. पण सीमेचा प्रश्न मांडायचा तो नकाशे समोर ठेवूनच. चांगल्या संबंधांच्या भरवशावर तो सुटणार नव्हता.

दुसरा अर्धा मात्र फळाला आला. २३ एप्रिलला बांडुंगमध्येच चौंनी अमेरिकेशी बोलायची तयारी जाहीर केली. किमॉयच्या तोफा थंडावल्या. मे महिन्यात नेहरूंचे दूत म्हणून कृष्ण मेनन पेकिंगला (आताचं बीजिंग) जाऊन आले. १ ऑगस्टला जिनिव्हात अमेरिका आणि चीनचे राजदूत समोरासमोर बसले आणि त्याच सुमारास चीनने कैदेतल्या ११ अमेरिकी वैमानिकांना सोडलं. ही बोलणी पुढे वॉर्साला गेली आणि १९७० पर्यंत १३६ बैठका झाल्या. बहुतेक निष्फळ, पण दार बंद झालं नाही. १९७१ मध्ये अमेरिकी अध्यक्षांचे सल्लागार हेन्री किसिंजर पेकिंगला पोचले. त्यांच्यासमोर बसलेल्या चौ एन लाय यांनी त्यांना इतर गोष्टींसोबत हेही विचारलं, की ‘काश्मीर प्रिन्सेस’च्या घातपातात अमेरिकेचा हात होता का?