माळरान म्हणजे पडीक जमीन?

‘माळावर झाड नाही, पीक नाही, तिथं प्लॉटिंग झालं तर कुणाचं काय बिघडतं?’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलेला असतो, त्यामुळे तो पटतोही.

पण पोटखराबा म्हणजे लागवडीला अयोग्य, इतकंच. ती महसुलाची नोंद आहे. तिथं काय जगतं, हे त्यातून कळत नाही. मराठवाड्यातल्या माळांवर मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि बेसाल्टचा खडक, वर बेभरवशाचा पाऊस. अशा ठिकाणी निसर्गतःच गवत वाढतं, दाट झाडी नाही. काळवीट, खोकड, लांडगा यांना अशीच उघडी जागा लागते. (म्हणूनच सरसकट खड्डे खणून झाडं लावणं हाही माळावर उपकार नव्हे.)

खात्री करायची तर पावसाळ्यानंतर सकाळी माळावर जा. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं गुराख्याला विचारून ओळखता येतील. एकाच जागी लेंड्यांचा ढीग दिसला तर थांबा: काळविटाचा नर आपली हद्द अशी राखतो. उन्हाळ्यात मात्र पाय जपून टाका. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, बहुधा चार, आणि ती खड्यांत अशी मिसळतात की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. जेसीबी चालवणाऱ्याला तर नाहीच.

मग तलाठ्याकडे नोंद बघा. गट गायरान असेल तर ती गावाच्या गुरांसाठी राखलेली जमीन आहे, आणि तिचा वापर बदलण्याचा विषय निघाला की ग्रामसभेत प्रश्न विचारता येतो.