कर्नल अपग्रेडनंतरचे ग्राफिक्स ड्रायव्हर-दोष (लिनक्स)

लिनक्स कर्नलची (प्रणालीचा गाभा) नवी आवृत्ती बसवून संगणक पुन्हा सुरू केल्यावर पडद्यावरील चित्रात दिसू लागणारे बिघाड आणि त्यांच्या निदानाच्या रूढ पद्धती. काळा पडदा, लुकलुकणारे किंवा मधूनच फाटलेले चित्र, ८०० × ६०० वर अडकलेले रेझोल्यूशन, दुसरा मॉनिटर न ओळखला जाणे, स्लीपमधून उठवलेल्या लॅपटॉपचा पडदा न उजळणे ही नेहमीची लक्षणे होत. दिसायला ती सारखी असली, तरी मागे तीन वेगळी कारणे असू शकतात : ड्रायव्हरचे मॉड्यूल (कर्नलला गरजेनुसार जोडला जाणारा भाग) लोडच झाले नाही, लोड झाले, पण त्याला लागणारे फर्मवेअर (ग्राफिक्स चिपमध्ये चढवला जाणारा लहान प्रोग्रॅम) मिळाले नाही, किंवा सगळे जागच्या जागी असूनही ड्रायव्हरच्या नव्या कोडमध्येच चूक शिरली. निदानाचे बहुतेक काम यांपैकी कोणते कारण हे ठरवण्यात जाते.

या दोषांचा आरंभ कधीपासून मानावा याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार तो साधारणतः १९९९–२००० या काळात जातो. त्या सुमारास डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर (डीआरएम) ही ग्राफिक्स कार्डाचा वापर सांभाळणारी उपप्रणाली कर्नलमध्ये आली आणि एक्सफ्री८६ या तत्कालीन डिस्प्ले प्रणालीच्या ४.० आवृत्तीत तिचा वापर सुरू झाला; कर्नलमधील मॉड्यूल आणि बाहेरील ड्रायव्हर यांच्या आवृत्त्या जुळण्याची गरज तेव्हापासूनची. दुसरे मत कर्नल मोड सेटिंगला (केएमएस; रेझोल्यूशन कर्नलनेच ठरवणे) महत्त्व देते. इंटेलच्या चिपसाठी ते २.६.२९ मध्ये (मार्च २००९) आले, रेडिऑनला (एएमडीच्या कार्डांचा ड्रायव्हर) २.६.३१ मध्ये आणि नूव्होला (एनव्हिडियाच्या कार्डांचा खुला ड्रायव्हर) २.६.३३ मध्ये (२०१०) त्याची जोड मिळाली. त्याआधी रेझोल्यूशन ठरवण्याचे काम एक्स सर्व्हर (पडद्यावर चित्र काढणारा प्रोग्रॅम) स्वतः करी, त्यामुळे डीआरएम मॉड्यूल बिघडले तर त्रिमितीय प्रवेग जाई, साधे चित्र मात्र बहुधा टिके. केएमएसनंतर चित्र उमटणेच कर्नलवर अवलंबून राहिले. आज वापरकर्त्याला भेटणारा ‘काळा पडदा’ या दुसऱ्या टप्प्याशी अधिक जुळतो. एनव्हिडियाच्या बंदिस्त (कोड खुला नसलेल्या) ड्रायव्हरला मात्र हा कालविभाग नीटसा लागू पडत नाही, कारण त्याचे कर्नल मॉड्यूल जुळले नाही तर एक्स सुरूच होत नसे, आणि हे केएमएसच्या पुष्कळ आधीपासून चालत आले आहे.

मुळाशी एक धोरण आहे. कर्नल आणि बाहेरील प्रोग्रॅम यांच्यातील व्यवहार मोडायचा नाही हा लिनक्सचा कटाक्ष. कर्नलच्या आतील फंक्शने आणि डेटा-रचना मात्र केव्हाही बदलू शकतात, आणि ग्राफिक्सच्या भागात त्या विशेष वेगाने बदलतात. कर्नलच्या मूळ कोडमध्ये असलेल्या ड्रायव्हरला (इंटेलचा आय९१५, एएमडीचा एएमडीजीपीयू, नूव्हो) याची झळ लागत नाही. बदल करणाराच तो ड्रायव्हरही दुरुस्त करतो. बाहेर राहिलेल्या ड्रायव्हरला प्रत्येक आवृत्तीमागे धावावे लागते. ड्रायव्हर मूळ कोडमध्ये आणावा हे कर्नल विकासकांचे उत्तर, तर आतील रचना काही काळ तरी स्थिर ठेवावी ही बाहेरील ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांची मागणी. आतापर्यंतचा अनुभव पहिल्या बाजूकडे झुकतो. २०२२ च्या मे महिन्यात एनव्हिडियाने आपल्या कर्नल मॉड्यूलचा कोड खुला केला, तरी तो मूळ कर्नलबाहेरच राहिला. त्यामुळे जुळणीचा प्रश्न संपला नाही.

जुळणी तपासण्याची यंत्रणा दोन पदरी आहे. प्रत्येक मॉड्यूलमध्ये ‘व्हरमॅजिक’ नावाची एक ओळ असते. ते कोणत्या कर्नल आवृत्तीसाठी बांधले, एकाहून अधिक प्रोसेसरचा आधार आहे का, प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवणे) कोणत्या प्रकारचे, हे त्या ओळीत नोंदलेले असते. चालू कर्नलशी ती जुळली नाही तर मॉड्यूल नाकारले जाते आणि ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ हा संदेश दिसतो. दुसरा पदर मॉडव्हर्जन्सचा. यात कर्नलने मॉड्यूलसाठी खुल्या ठेवलेल्या प्रत्येक फंक्शनच्या प्रकारांवरून एक सीआरसी (तपासणीचा) आकडा काढतात; एखाद्या रचनेत एक क्षेत्र वाढले तरी तो आकडा बदलतो. मॉडव्हर्जन्स चालू असेल तर व्हरमॅजिकमधील आवृत्तीचा भाग सोडून दिला जातो आणि निर्णय या आकड्यांवर होतो. दीर्घकाळ आधार देणाऱ्या एंटरप्राइझ डिस्ट्रोंमध्ये (कंपन्यांसाठीच्या लिनक्स वितरणांमध्ये) एकदा बांधलेले मॉड्यूल पुढील किरकोळ अपडेटनंतरही चालू शकते ते यामुळेच. परवान्याचा भाग वेगळा : काही फंक्शने फक्त जीपीएल या खुल्या परवान्याच्या मॉड्यूलनाच वापरता येतात. बंदिस्त ड्रायव्हर मध्ये एक छोटे जीपीएल मॉड्यूल ठेवून त्यांपर्यंत पोहोचत असत. ती वाट ५.९ मध्ये (ऑक्टोबर २०२०) बंद करण्यात आली. त्याच सुमारास एनव्हिडियाने आपल्या वापरकर्त्यांना काही आठवडे ५.८ किंवा त्याआधीच्या कर्नलवरच थांबण्याचा सल्ला दिला होता. ५.१८ मध्ये आलेल्या आयबीटी या संरक्षणामुळेही असाच अडथळा आला आणि ड्रायव्हर सुधारेपर्यंत ‘आयबीटी=ऑफ’ हा बूट पर्याय वापरावा लागला.

प्रत्येक नव्या कर्नलसाठी बाहेरील मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधण्याकरिता डेल कंपनीच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये डीकेएमएस तयार केले. ते बहुधा दोन कारणांनी फसते. मॉड्यूल बांधण्यास लागणाऱ्या, नव्या कर्नलच्या हेडर फाइल्सची पॅकेज आलेली नसतात, किंवा जुन्या ड्रायव्हरचा कोड नव्या कर्नलवर कंपाइलच होत नाही. ‘डीकेएमएस स्टेटस’ ही आज्ञा दिल्यास जुन्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसते आणि नव्या कर्नलची ओळच नसते. मॉड्यूल बांधले गेले नाही, एवढे यावरून कळते. खरे कारण ‘मेक.लॉग’ फाइलमध्ये असते. तिच्या शेवटच्या ओळीवर भरवसा ठेवू नये. ‘एरर’ हा शब्द जिथे प्रथम येतो तिथपासून वाचावे. खालचा मजकूर हा बहुधा त्याचाच परिणाम असतो.

मॉड्यूल बांधले जाऊनही लोड होत नसेल तर सिक्युअर बूट (फक्त सही केलेला कोड चालू देणारी सोय) तपासावे. सही नसलेले किंवा अनोळखी किल्लीने सही केलेले मॉड्यूल कर्नल नाकारतो. संदेश ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा असतो. यावर उपाय म्हणजे मशीन ओनर की (एमओके) नोंदवणे. पुढील बूटच्या वेळी निळ्या पडद्यावर येणारी ही नोंदणी घाईत ओलांडली जाते आणि दोष ड्रायव्हरच्या माथी मारला जातो.

मॉड्यूल लोड न झाल्यास पडदा पूर्ण काळा होतोच असे नाही. यूईएफआयने (संगणक सुरू करणारे फर्मवेअर) उभारलेला फ्रेमबफर (चित्र साठवणारी स्मृती) सिंपलडीआरएम या साध्या ड्रायव्हरच्या हाती राहतो. मग रेझोल्यूशन एकच, उजेड कमी-जास्त होत नाही, दुसरा मॉनिटर नाही, आणि रेंडरिंग प्रोसेसरवर होत असल्याने पंखा सतत फिरतो. ‘जीएलएक्सइन्फो -बी’ या आज्ञेत रेंडररपुढे ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसले की हीच अवस्था समजावी. ‘एलएसपीसीआय -के’ मध्ये ग्राफिक्स कार्डाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नसते. ‘नोमोडसेट’ पर्यायाने यंत्र मुद्दाम याच अवस्थेत आणले जाते. तो तपासणीपुरता आहे. उपाय म्हणून तो कायम ठेवणारे पुष्कळ आढळतात, आणि ते नकळत ग्राफिक्स कार्डाविनाच काम करत राहतात. याच्याशी संबंधित आणखी एक प्रकार : सिंपलडीआरएमने आधी ‘कार्ड०’ हा क्रमांक घेतला तर खरे कार्ड ‘कार्ड१’ होते, आणि क्रमांक हाताने लिहिलेली कॉन्फिगरेशन कोलमडते. इथे ड्रायव्हर निर्दोष असतो.

फर्मवेअरचे पॅकेज कर्नलपासून स्वतंत्र असते. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांची नोंद) ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड’ फसल्याची ओळ आणि -२ हा आकडा आला, तर फाइल सापडली नाही असा अर्थ. फाइल डिस्कवर असूनही ही ओळ येऊ शकते, कारण ड्रायव्हर इनिट्रॅमएफएसमधून (बूटच्या आरंभी वापरली जाणारी प्रतिमा) लवकर लोड झाला आणि त्या प्रतिमेत फर्मवेअर घातलेलेच नव्हते. प्रतिमा पुन्हा तयार केल्यास प्रश्न सुटतो.

आता तिसरे कारण, कोडमधील चूक. इथे सर्वांत उपयुक्त कसोटी म्हणजे बूट मेनूतून जुना कर्नल निवडून पाहणे. फेडोरा ही डिस्ट्रो सामान्यतः तीन कर्नल ठेवते. आर्चमध्ये जुना पुसला जातो, म्हणून तिथे एलटीएस (दीर्घ आधाराचा) कर्नल जोडीला ठेवण्याची प्रथा आहे. जुन्या कर्नलवरही दोष राहिला तर संशय मेसा (कर्नलबाहेरची ग्राफिक्स लायब्ररी) किंवा डेस्कटॉपकडे वळवावा. अपडेटमध्ये ही सारी पॅकेज एकत्र येतात आणि नाव मात्र कर्नलचे होते. जुन्यावर दोष गेला तर ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ वापरून फसलेल्या बूटचा लॉग पाहता येतो, अर्थात तो डिस्कवर साठवला जात असेल तर. लुकलुकणे विशिष्ट सोयीपुरते आहे का हे पाहण्यासाठी इंटेलवर पॅनेल सेल्फ रिफ्रेश (पीएसआर; स्थिर चित्र पॅनेलनेच टिकवणे), तर एएमडीच्या एकात्मिक चिपवर ‘एसजी डिस्प्ले’ (मुख्य स्मृतीतून चित्र दाखवणे) बंद करून पाहतात.

किरकोळ क्रमांकाची स्थिर आवृत्ती निर्धोकच असते हा समज ५.१९.१२ ने खोटा ठरवला. सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस आलेल्या या आवृत्तीत इंटेल ग्राफिक्सच्या काही लॅपटॉपचे पडदे पांढरे लुकलुकू लागले. पॅनेलला वीज देण्या-काढण्यातील विलंबांचे आकडे चुकीचे काढले जात होते, आणि त्याने पॅनेलला प्रत्यक्ष इजा होऊ शकेल असा इशारा इंटेलच्या अभियंत्याने दिला. काही दिवसांतच ५.१९.१३ मध्ये संबंधित बदल मागे घेण्यात आले. अशा वेळी बूट पर्याय आजमावत बसणे चूक; लगेच मागच्या कर्नलवर जावे.

नेमका दोषी बदल शोधायचा तर ‘गिट बायसेक्ट’ ही आज्ञा वापरतात. दोन मुख्य आवृत्त्यांमध्ये दहा हजारांहून अधिक बदल असतात, तरी दर वेळी निम्मे वगळत गेल्यास सुमारे चौदा वेळा कर्नल बांधून तो हाती लागतो. बंदिस्त मॉड्यूल लोड असलेला कर्नल ‘टेंटेड’ (दूषित) गणला जातो आणि अशा कर्नलवरील तक्रारी विकासक सहसा हाताळत नाहीत. त्या ड्रायव्हर देणाऱ्या कंपनीकडेच न्याव्या लागतात.

एआरएम चिपवरील ग्राफिक्सबाबत चित्र वेगळे आहे. माली या ग्राफिक्स चिपच्या मालिकेसाठी लिमा आणि पॅनफ्रॉस्ट हे खुले ड्रायव्हर ५.२ मध्ये (२०१९) मूळ कर्नलमध्ये आले. त्याआधीचे बंदिस्त ड्रायव्हर बहुधा उत्पादकाने दिलेल्या एकाच कर्नलशी बांधलेले असत, आणि त्या उपकरणांवर कर्नल अपग्रेड करण्याची वेळच क्वचित येई.