नापास झाल्यावर पुढे काय? ते मोजायचे कसे?

अभ्यासात अपयश आल्यावर विद्यार्थी किती सावरतो, हे त्याच्या गुणपत्रिकेवरून कळत नाही, कारण तिथे दिसतो तो निकाल, त्या निकालानंतरची त्याची वागणूक नव्हे. ही वागणूक मोजण्यासाठी इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ सायमन कॅसिडी यांनी 2016 मध्ये 'एआरएस-30' (अकॅडमिक रेझिलिअन्स स्केल, म्हणजे अभ्यासातील अपयशातून सावरण्याच्या क्षमतेची मोजपट्टी) ही प्रश्नावली प्रसिद्ध केली.

तिच्यात विद्यार्थ्याला आधी एक काल्पनिक प्रसंग वाचायला दिला जातो. ताज्या असाइनमेंटमध्ये तो नापास झाला आहे, आधीच्या दोन असाइनमेंटचे गुणही मनासारखे नाहीत, शिवाय विषय समजलेला नाही आणि लेखन कच्चे आहे, असा शिक्षकांचा कडक शेरा आहे. मात्र सुधारणा कशी करावी हेही त्यांनी सुचवले आहे. या प्रसंगी आपण काय करू, याविषयीच्या 30 विधानांना पाच श्रेणींमध्ये उत्तरे द्यायची असतात. त्यांपैकी 14 विधाने चिकाटीची, 9 आत्मपरीक्षण करून योग्य ती मदत मागण्याची आणि 7 निराशा, चिडचिड यांसारख्या भावनांची आहेत. नकारात्मक विधानांचे गुण उलटे धरले जात असल्यामुळे 30 ते 150 या पट्ट्यात बेरीज जितकी मोठी, तितकी सावरण्याची क्षमता अधिक मानली जाते.

मला यातला मदत मागण्याचा भाग विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण एकट्याने झुंजणे म्हणजेच जिद्द, असा आपला समज असतो. ही प्रश्नावली मात्र शिक्षकांकडे जाऊन विचारण्यालाही गुण देते.

तरीही हे मोजमाप कृतीचे नाही, आपण अमुक करू या अंदाजाचे आहे. कॅसिडी यांनीच 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, 435 ब्रिटिश विद्यार्थ्यांवरील अभ्यासात काही जणांना असा प्रसंग स्वतःवर आल्याचे, तर इतरांना तो दुसऱ्यावर आल्याचे सांगितले, तेव्हा दुसऱ्याच्या संकटाविषयी बोलणाऱ्यांच्या उत्तरांत अधिक उभारी दिसली. (लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरे काय!) त्याच अभ्यासात, अभ्यास आपल्याला जमेल हा विश्वास ज्यांना अधिक होता, त्यांचे सावरण्याचे गुणही अधिक आढळले. दोन्ही गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून विश्वास वाढवताच सावरणे आपोआप जमेल, असे मात्र ठरत नाही.

ही प्रश्नावली मराठीत आणायची तर केवळ भाषांतर पुरणार नाही. आपल्या विद्यापीठीय परीक्षांत बहुधा गुणच हाती पडतात, सविस्तर शेरा क्वचितच मिळतो. त्यामुळे मूळ प्रसंगच बदलावा लागेल, आणि प्रसंग बदलला की विधानांची विश्वसनीयता इथल्या विद्यार्थ्यांवर नव्याने तपासावी लागेल.