बारीक तारेतून वाहणारं लिखाण

ऑक्टोबर २००६मध्ये इराण सरकारने घरगुती इंटरनेटच्या वेगाला सेकंदाला १२८ किलोबिटचा लगाम घातला. व्हिडिओ आणि चित्रपटांची वाट जवळपास बंद झाली, पण ब्लॉग चालूच राहिले. याचं कारण साध्या गणितात आहे. १२८ किलोबिट म्हणजे १६ किलोबाइट. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी व्यवस्था. तिच्या सर्वाधिक वापरातल्या पद्धतीत, म्हणजे यूटीएफ-८मध्ये, फारसी अक्षराला दोन बाइट लागतात. म्हणजे पाचशे शब्दांचा लेख भरतो साधारण पाच किलोबाइट, आणि त्या मंद तारेतूनही त्याला अर्धा सेकंद लागत नाही. ७०० मेगाबाइटच्या चित्रपटाला तिथेच बारा तास लागतात. पानावरची सजावट आणि चित्रं धरली तरी फरक प्रचंडच.

एखाद्या देशात किती टक्के लोक इंटरनेटवर आहेत, यावरून तिथल्या ब्लॉगलेखनाचा अंदाज बांधायची सवय आपल्याला आहे. मला ते अपुरं वाटतं. तारेतून काय परवडतं, आपली लिपी पडद्यावर नीट उमटते का आणि बोलायला दुसरी जागा उरली आहे का, हे तीन प्रश्न जास्त सांगून जातात.

इराणमध्ये २००० सालापासून सुधारणावादी वर्तमानपत्रं एकामागोमाग एक बंद केली जात होती. लिहिणारे होते, वाचणारे होते, पण छापील जागा आक्रसत चालली होती. अडचण होती ती लिपीची. त्या काळी वेबवर फारसी मजकूर पुष्कळदा चित्राच्या रूपात टाकला जाई किंवा रोमन अक्षरांत लिहिला जाई. चित्रातला मजकूर शोधता येत नाही, त्यातलं वाक्य उचलून दुसरीकडे नेता येत नाही. युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आणि हा अडसर दूर झाला. २००१च्या नोव्हेंबरमध्ये इराणी ब्लॉगलेखक हुसेन देरख्शान यांनी युनिकोड वापरून फारसी ब्लॉग कसा सुरू करायचा, याची सोपी कृती लिहून प्रसिद्ध केली. पाहता पाहता हजारो ब्लॉग उभे राहिले. पुढे सरकारने कित्येक पत्ते अडवले, लिहिणाऱ्यांना अटकाही झाल्या. तरीही २००६च्या अखेरीस टेक्नोराती या ब्लॉगशोध कंपनीच्या पहिल्या दहा भाषांच्या यादीत फारसी होती.

त्याच यादीत पहिला क्रमांक जपानीचा होता. जगभरच्या ब्लॉगनोंदींपैकी ३७ टक्के जपानी आणि ३६ टक्के इंग्रजी! तेही जपानची लोकसंख्या पावणेतेरा कोटी असताना. इथे गोष्ट मोबाइलची आहे. एनटीटी डोकोमो या जपानी मोबाइल कंपनीने फेब्रुवारी १९९९मध्ये आय-मोड ही मोबाइलवरची इंटरनेट सेवा सुरू केली. त्यात वेळेचे पैसे नव्हते, मजकुराच्या आकाराचे होते: १२८ बाइटच्या एका पॅकेटला ०.३ येन. जपानी संगणकांवर रूढ असलेल्या पद्धतीत एका अक्षराला दोन बाइट, म्हणजे एका पॅकेटमध्ये ६४ अक्षरं. चाळीस किलोबाइटच्या एका छायाचित्राला मात्र ३२० पॅकेट, म्हणजे ९६ येन. मोजक्या शब्दांत लिहिण्याची सवय मोबाइलवर पक्की झाली ती अशा दरांत. २००३-०४च्या सुमारास महिन्याचे ठोक दर आले, तोवर लोकांचा हात बसला होता. दक्षिण कोरियात घरोघरी वेगवान ब्रॉडबँड लवकर पोचलं, आणि तिथे सायवर्ल्ड या समाजमाध्यमावर फोटो आणि सजवलेल्या आभासी खोल्यांना भाव आला.

पूर्व आफ्रिकेला समुद्राखालची पहिली मोठी फायबर केबल मिळाली ती २००९मध्ये. त्याआधी भिस्त उपग्रहांवर होती. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. विनंती वर जाऊन खाली येणार, मग उत्तरही तसंच येणार, यात प्रकाशाच्या वेगानेही जवळजवळ अर्धा सेकंद जातो. संभाषणात हा विलंब खटकतो, वाचनात तो जाणवतही नाही. केनियात २००७च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला, तेव्हा तिथल्या ब्लॉगलेखकांनी पुढाकार घेऊन उशाहिदी हा नकाशा उभा केला. एसएमएस आणि वेबवरून आलेल्या बातम्या त्यावर ठिकाणानुसार मांडल्या जात. हे सगळं केबल येण्याआधीचं.

क्यूबाचं उदाहरण सर्वांत टोकाचं. योआनी सांचेझ यांनी एप्रिल २००७मध्ये ब्लॉग सुरू केला, तेव्हा घरी इंटरनेट मिळणं दुरापास्त होतं. त्या घरी लिहीत, मजकूर पेनड्राइव्हवर घेत आणि पर्यटकांच्या हॉटेलात जाऊन तिथल्या महागड्या जोडणीवरून चढवत. पुढे तो ब्लॉग देशातून उघडेनासा झाला. मग त्या मजकूर ईमेलने परदेशी मित्रांकडे धाडू लागल्या, ते तो प्रसिद्ध करत आणि स्वयंसेवक इतर भाषांत नेत. काही किलोबाइटच्या मजकुरालाच हे जमू शकतं. मोबाइलवर थ्रीजी इंटरनेट क्यूबात डिसेंबर २०१८मध्ये आलं.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजानुसार २०२४मध्ये ५५० कोटी लोक इंटरनेट वापरत होते, २६० कोटी बाहेर होते. आता तार जाड झाली आहे, पण दराचा प्रश्न वेगळ्या रूपात आला आहे. काही देशांत ठरावीक अॅपपुरता डेटा फुकट असतो. अॅपमधल्या दुव्यावरून बाहेरच्या ब्लॉगवर गेलं, की पैसे सुरू. साहजिकच वाचक आतच थांबतो. सहा वर्षांच्या तुरुंगवासानंतर २०१४मध्ये सुटलेल्या देरख्शान यांनाही हेच दिसलं: ब्लॉग एकमेकांना जोडणाऱ्या दुव्यांची किंमत समाजमाध्यमांनी पार घालवली होती. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६मध्ये मजकुरानुसार वेगळे दर लावायला बंदी केली आणि फेसबुकने फ्री बेसिक्स ही फुकट सेवा भारतातून काढून घेतली. आफ्रिकेतल्या अनेक देशांत ती त्यानंतरही चालू राहिली.