किशोरवयीन मद्यपान : दीर्घकालीन परिणाम

किशोरवयात, म्हणजे साधारणपणे 10 ते 19 या वयोगटात, केलेल्या मद्यपानाचे प्रौढपणीही टिकून राहणारे शारीरिक व मानसिक परिणाम. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते आणि संयम, निर्णय व परिणामांचा विचार ज्यावर अवलंबून असतात तो कपाळामागील भाग सर्वांत शेवटी परिपक्व होतो. या काळात अतिमद्यपान करणाऱ्यांमध्ये मेंदूच्या करड्या द्रव्याचे प्रमाण अधिक वेगाने घटत असल्याचे आणि स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसचे आकारमान कमी असल्याचे एमआरआय तपासण्यांत आढळले आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत, मद्यामुळे येणारी गुंगी व तोल जाणे ही लक्षणे वाढत्या वयाच्या उंदरांत प्रौढ उंदरांपेक्षा कमी दिसली. माणसांतही असेच घडत असेल, तर ‘मला चढतच नाही’ ही कॉलेजच्या कट्ट्यावरची फुशारकी काळजीचीच बाब ठरते, कारण थांबायला लावणारी लक्षणे उशिरा आल्याने एका बैठकीत अधिक दारू पोटात जाते.

यकृतावरील परिणाम बहुधा पन्नाशीच्या आसपास उघड होत असल्याने त्यांचा संबंध तरुणपणाशी जोडणे अवघड असते. स्वीडनमध्ये मात्र 1969-70 मध्ये लष्करभरतीच्या वेळी 18 ते 20 वर्षांच्या तरुणांकडून मद्यसेवनाची माहिती घेतली गेली होती, आणि त्यांपैकी 40 हजारांहून अधिक जणांचा राष्ट्रीय नोंदींतून सुमारे 39 वर्षे माग काढता आला. त्या वयातील रोजचे प्रमाण जितके जास्त, तितका पुढे गंभीर यकृतविकाराचा धोका अधिक, असे त्यातून दिसले.

मद्यासक्तीबाबत अमेरिकेतील 1997चा अभ्यास वारंवार उद्धृत होतो. चौदाव्या वर्षी किंवा त्याआधी पिण्यास सुरुवात केलेल्यांपैकी 40 टक्क्यांहून अधिक जण आयुष्यात केव्हातरी मद्यासक्त झाले. विसाव्या वर्षी वा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 10 टक्के होते. हा फरक सर्वस्वी लवकर पिण्यामुळेच पडतो असे म्हणता येत नाही, कारण आनुवंशिकता, घरातील व्यसन आणि उतावळा स्वभाव या गोष्टी मुलाला लवकर दारूकडेही नेतात आणि व्यसनाकडेही.

कायद्यातील वयोमर्यादा वैद्यकीय निष्कर्षांवर बेतलेली असतेच असे नाही. महाराष्ट्रात सौम्य बिअर व वाइनसाठी 21 आणि इतर मद्यासाठी 25 वर्षे पूर्ण असावी लागतात, तर शेजारच्या गोव्यात 18 वर्षे पुरतात.