उजव्या हृदयासाठी पेसिंग उपचार

फुप्फुस धमनी उच्च रक्तदाबात (पीएएच) थकत चाललेल्या उजव्या निलयाला (हृदयाच्या खालच्या कप्प्याला) नेमक्या क्षणी विद्युत स्पंद देऊन त्याचे आकुंचन डाव्या निलयाच्या वेळेशी जुळवण्याचा उपचार. तो अजून प्रायोगिक आहे.

फुप्फुस धमनीतील सरासरी दाब विश्रांतीच्या वेळी साधारण १४ मिमी पारा असतो. २० च्या वर तो विकृत मानतात. या वाढीव दाबाविरुद्ध पातळ भिंतीचे उजवे निलय आधी जाड होते, पुढे फुगते आणि त्याचे आकुंचन लांबत जाते. डावे निलय सैल होऊन भरू लागले, तरी उजव्याचे आवळणे चालूच असते. मधला पडदा डावीकडे ढकलला जातो आणि डाव्याला भरायला जागा उरत नाही. फुप्फुस झडप तोवर मिटलेली असल्याने उजव्याचे ते शेवटचे श्रमही वाया जातात. हा वेळेचा घोळ २००८ मध्ये एमआरआय तपासणीतून मोजून दाखवला गेला.

उपाय असा: उजव्या निलयाची बाहेरची भिंत थोडी आधी उद्दीपित करायची, म्हणजे तिचे आकुंचन आधी संपेल. डावी बाजू मात्र हृदयाच्या स्वतःच्या वहनमार्गानेच चालू द्यायची. सगळी मेख अलिंद (वरचा कप्पा) आणि निलय यांच्या स्पंदांमधील अंतरात आहे. ते फार कमी ठेवले तर अलिंदाचे रक्त पुरते उतरत नाही. जास्त ठेवले तर नैसर्गिक स्पंद आधीच पोहोचतो आणि पेसिंगचा उपयोग राहत नाही. २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगात अशा पेसिंगने हृदयकार्य सुधारले. जन्मजात हृदयविकार आणि उजव्या वहनशाखेचा अडथळा असलेल्या मोजक्या रुग्णांत २००३ मध्येच तात्पुरता फायदा दिसला होता, पण तिथे दोष मुळात विद्युतवहनाचा होता. पीएएचमध्ये विलंबाचा मोठा वाटा स्नायूवरील ताणाचा असतो. त्यामुळे डाव्या हृदयाच्या सीआरटीचे (पेसिंगने निलयांची वेळ जुळवण्याच्या उपचाराचे) यश इथे जसेच्या तसे गृहीत धरणे घाईचे ठरेल.

शिवाय उजव्या अलिंद-निलयांमधील त्रिदल झडपेतून जाणारी पेसिंगची तार त्या झडपेची गळती वाढवू शकते आणि दीर्घकाळ केलेले उजवे पेसिंग डाव्या निलयाला दुबळे करू शकते. तार बसवण्यासाठी या रुग्णांना भूल देणेही जोखमीचे असते. मूळ आजार फुप्फुसातील अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांचा असल्याने त्या रुंदावणारी औषधे आणि गंभीर अवस्थेत फुप्फुस प्रत्यारोपण हेच उपचारांचे मुख्य मार्ग आहेत.